आईचा विसराळूपणा, घोडबंदरची धूळ आणि सुटलेली चाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७६ वर्षांची. लग्नानंतरची जवळजवळ सगळी वर्षं गिरगावात, ठाकूरद्वारच्या चाळीत गेली. चाळ पुनर्विकासाला गेली आणि दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब ठाण्यात घोडबंदर रोडला, चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलं. समोर मेट्रोचं काम, बाजूला नव्या टॉवरचं. गेल्या वर्षभरात आई तेच तेच विचारते, गॅस चालू राहतो, एकदा लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरली आणि तिथेच रडत बसली. मुलगा विचारतो, "हे प्रदूषणामुळे होतंय का? संगमेश्वरजवळ आमचं गावचं घर आहे. तिथली हवा चांगली आहे. आईला तिकडे ठेवू का?"

माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. हवेचा मेंदूवर परिणाम होतो, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. पण दोन वर्षांत आईमध्ये जो फरक पडला तो एकट्या धुळीने पाडलेला नाही. आणि फक्त हवेसाठी तिला गावी नेऊन ठेवायचा बेत असेल तर तूर्त थांबा. मुंबई-ठाण्यात म्हाताऱ्या माणसांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हवा सुधारायला म्हणून माणूस हलवला आणि सहा महिन्यांत तो आणखी हरवला, असं मी वारंवार पाहिलं आहे.

त्याआधी तपासण्या. त्या झाल्या नसतील तर पुढचं वाचण्याआधी त्यांची वेळ घ्या. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, आणि सोडियम, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. कानांची तपासणी आणि मोतीबिंदू. मन खचलेलं आहे का हेही बघायचं, कारण या वयातलं नैराश्य हुबेहूब विसरभोळेपणासारखं दिसतं. आई घेते त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, औषधवाल्याकडून परस्पर आणलेल्यासुद्धा. सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्या या वयात डोक्यात चांगलाच गोंधळ घालतात, आणि असली गोळी बंद केल्यावर सुधारलेली माणसं मी पाहिली आहेत. मेंदूचा स्कॅन एकदा करून घ्या. यातलं काही सापडलं आणि बरं होण्यासारखं असलं तर हवा आणि वस्ती हे दोन्ही मुद्दे मागे पडतील.

आता हवा. ज्येष्ठांच्या डोक्याला घातक ठरतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीस पट लहान. पीएम २.५ म्हणतात ते हेच. ते फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात, त्यांतले सर्वांत बारीक रक्तात उतरतात. शरीरात मंद जळजळ सुरू राहते, रक्तवाहिन्या कडक होतात, रक्तदाब वाढतो. मेंदूतल्या बारीक वाहिन्या जागोजागी बंद पडत जातात आणि वरून काहीच कळत नाही. दुसरी वाट थेट नाकातून जाते. वासाची नस नाकाच्या छतातून सरळ मेंदूत शिरते. लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर यांच्या गटाने २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृतांच्या मेंदूंत लोहाचे अतिसूक्ष्म गोल कण दाखवले. त्यांचा आकार आणि पोत इंजिनासारख्या प्रचंड उष्णतेत तयार होणाऱ्या कणांचा होता. ते कण आजार घडवतात का, हे त्यातून सिद्ध झालं नाही. ते मेंदूपर्यंत पोचतात, एवढं नक्की झालं.

रस्त्याच्या अंतराबद्दल कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो. तो २०१७ मध्ये आला आणि त्यात ६० लाखांहून जास्त माणसांच्या नोंदी होत्या. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू ढासळत जाण्याच्या आजाराचं, प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघालं, ५० ते १०० मीटरवर ४ टक्क्यांनी, २०० मीटरपर्यंत २ टक्क्यांनी. त्यापलीकडे फरक दिसला नाही. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाढ आहे, पण एका माणसापुरती बघितली तर लहान आहे. आणि अंतराला किंमत आहे. दोनशे मीटर म्हणजे फार तर तीन-चार मिनिटांची चाल.

तुमच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर रोज जो पिवळट-करडा थर बसतो तो बहुतेक बांधकामाचा आणि खोदलेल्या रस्त्याचा. तो जाड कणांचा असतो. घशाला, छातीला त्रास देतो, दमा असेल तर फारच. पण मेंदूच्या दृष्टीने मला त्याहून जास्त काळजी वाटते ती डिझेलच्या धुराची. रात्री रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असलेले काँक्रीट मिक्सर, वीज गेल्यावर चालणारे जनरेटर आणि थंडीत वॉचमन पेटवतात ती प्लास्टिक-लाकडाची शेकोटी. हा धूर फडक्यावर फारसा दिसत नाही. त्यामुळे कट्टा पुसला आणि स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मोबाइलवरचा हवेचा निर्देशांकही जरा समजून घ्या. आपल्याकडे पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हवा 'समाधानकारक' या रकान्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी घातलेली मर्यादा १५ आहे. वर्षाच्या सरासरीत तफावत याहून मोठी आहे. आपलं मानक ४०, त्यांचं ५. हिरवा रंग दिसला म्हणून सत्तरी ओलांडलेल्या मेंदूला ती हवा निर्धोक आहे असं धरून चालू नका.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमध्ये सुमारे वीस लाख ज्येष्ठांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये दिसलं की वाहतुकीच्या आणि रेल्वेच्या सततच्या आवाजाचाही डिमेन्शियाशी संबंध आहे. आपल्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. घोडबंदरला रात्री खिडकी उघडून बघा, मोजायला यंत्र लागणार नाही. रात्री तीनदा झोप मोडलेली बाई दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विचारते, "सकाळचा चहा झाला का गं?" यात आजार किती आणि जागरण किती, हे आम्हालाही लगेच सांगता येत नाही. म्हणून आधी झोप दुरुस्त करा.

एवढं सगळं असूनही आईच्या बाबतीत मी हवेकडे बोट का दाखवत नाही? कारण हवेचं नुकसान दशकांच्या हिशेबाने साचतं. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, असेल तर मेंदूतले बदल पहिलं लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेले असतात. आणि गिरगावातली हवा कुठे स्वच्छ होती? तिथेही बसगाड्या, टॅक्स्या, दिवसभराची कोंडी, आणि पुढे मेट्रोचंच खोदकाम. २००० सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, आणि आज पंचाहत्तरीत असलेल्या प्रत्येक मुंबईकराने तरुणपणभर ते श्वासात घेतलं आहे. आईच्या मेंदूवर हवेचा जो भार पडला त्याचा फार मोठा वाटा गिरगावातल्या त्या सगळ्या वर्षांचा आहे. घोडबंदरची दोन वर्षं त्यात वरून पडलेली भर आहे. हवा वाईट असलेल्या आठवड्यांत ज्येष्ठांची चाचणीतली कामगिरी तात्पुरती खालावते, असं बॉस्टन भागातल्या वयस्क पुरुषांमध्ये दिसलं आहे, हे मान्य. पण वर्षभर वाढत गेलेला गोंधळ त्यात बसत नाही.

माझा अंदाज असा की आजाराची सुरुवात चाळीतच झाली होती. चाळ ती झाकून ठेवत होती.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा पुढचा निर्णय यावरच अवलंबून आहे. वाटा आणि जागा लक्षात ठेवण्याचं काम मेंदूच्या आतल्या दोन शेजारच्या भागांकडे असतं, हिप्पोकॅम्पस आणि एंटोरायनल कॉर्टेक्स. 'मी आत्ता इथे आहे' हे सांगणाऱ्या पेशी या भागांत सापडल्या, आणि त्या शोधासाठी जॉन ओकीफ, माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमर अगदी सुरुवातीला घाव घालतो तो नेमका याच भागांवर. पण रोजच्या पायाखालची वाट निराळ्या यंत्रणेने चालते. सवयीची स्मृती मेंदूत दुसरीकडे असते आणि ती बराच काळ शाबूत राहते. म्हणून वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहिलेली बाई आजार सुरू झाल्यावरही भाजी आणते, देवळात जाते, गॅलरीत बसून कोणाची सून माहेरी गेली आहे ते सांगते. घरच्यांना वाटतं, आई ठणठणीत आहे. मग घर बदलतं. सवयीला धरायला काहीच उरत नाही, सगळं नव्याने शिकावं लागतं, आणि नवं शिकण्याचं काम ज्या भागाचं तोच अधू झालेला असतो.

दवाखान्यात मी अशा पेशंटना जुन्या घराची वाट सांगायला लावतो. ठाकूरद्वारची, माहीमची, परळची. चेहरा बदलतो. "खाली उतरलं की उजवीकडे गिरणी, तिच्यापुढे तो भटांचा क्लास, मग डावीकडे वळायचं." हात हवेत वळतात, मध्येच कोणीतरी वारल्याची आठवण येते, तरी वाट चुकत नाही. मग विचारतो, "आता राहता तिथून दूध कुठून आणता?" उत्तर येतं, "मुलगा मोबाइलवरून मागवतो." किंवा नुसतंच माझ्याकडे बघत राहतात. आजार किती पुढे गेला आहे ते चाचणीच्या गुणांवरून कळतंच. पण परिसराने किती आधार काढून घेतला, हे मला या दोन उत्तरांमधल्या अंतरावरून कळतं.

लिफ्टचा प्रसंग याच नजरेने पाहा. तुमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर तीच फरशी, त्याच रंगाचे दरवाजे, तीच ट्यूबलाइट. चौदावा मजला अकराव्यापेक्षा वेगळा ओळखायला दरवाजावरचा आकडा सोडून काय आहे? चाळीत जिन्याची तिसरी पायरी तुटकी होती, कठड्यावर कोणाच्या तरी गोधड्या होत्या, कोपऱ्यावरच्या खोलीतून रेडिओ लागलेला असायचा. चुकली असती तरी वाटेत चार जणींनी विचारलं असतं, "काय हो, कुठे निघालात?" टॉवरमध्ये ती चुकली तेव्हा सगळी दारं बंद होती. रडायला आलं यात नवल नाही.

शेजार म्हणजे काय, याचं मोजमाप आता संशोधकही करू लागले आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने अमेरिकेतल्या हजारो ज्येष्ठांवर केलेल्या कामात दिसलं की चालत जाण्याच्या टप्प्यात सामाजिक संस्था, व्यायामाच्या आणि करमणुकीच्या जागा, कलादालनं, संग्रहालयं असली तर बुद्धीची कामगिरी चांगली राहते. आपल्याकडे त्या जागा म्हणजे देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, वाचनालय, भजनी मंडळ, भाजीवालीचा पाट. नाव काहीही असो, तिथे पायी जाता आलं पाहिजे आणि तिथे कोणीतरी नावाने ओळखलं पाहिजे.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली. ती सगळी काढून टाकली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. त्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा ३ टक्के धरला आहे, माणसांपासून तुटण्याचा ५ टक्के आणि कमी ऐकू येण्याचा ७ टक्के. हे जगाचे आकडे आहेत. आपली हवा युरोपपेक्षा कितीतरी वाईट असल्याने आपल्याकडे तो ३ टक्क्यांचा वाटा मोठा असणार, असं मला वाटतं. तरीही, हवेसाठी माणसं तोडली तर हिशेब तोट्यात जाईल.

म्हणून गावाबद्दल माझी भीती. संगमेश्वरकडची हवा घोडबंदरपेक्षा चांगली आहे, यात वाद नाही. पण आई तिथे शेवटची सलग कधी राहिली? गणपतीचे आठ दिवस, शिमग्याला कधीतरी, मेमध्ये मुलं लहान असताना. तिला तरुणपणी ओळखणाऱ्या किती जणी आज वाडीत आहेत? कोकणातल्या कितीतरी वाड्यांत निम्म्या घरांना कुलूप असतं. जून ते सप्टेंबर पाखाडीवर, म्हणजे घरापर्यंतच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरतं आणि घरातून बाहेर पडणंच बंद होतं. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर गाडी कुठून येणार? आणि गावाकडे डिमेन्शिया कमी असतो, ही समजूतही खरी नाही. देशभरच्या पाहणीवरून २०२३ मध्ये जो अंदाज आला त्यात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. शहरांत ५.३ आणि खेड्यांत ८.४. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. याची कारणं अनेक आहेत, शाळेत जायला न मिळणं हे त्यांतलं मोठं. चुलीचा धूरही आहेच. घरात लाकूड-गोवऱ्या जाळणाऱ्या ज्येष्ठांची स्मरणशक्ती तुलनेने कमी निघाल्याचं भारतातल्या आकडेवारीवर दिसलं आहे. अंगणात हवा कितीही मोकळी असली तरी जी बाई रोज दोन वेळ चुलीपुढे बसते ती हायवेलगत राहणाऱ्यांपेक्षा जास्त धूर घेते.

माझा विरोध गावाला नाही. तुमच्यापैकी कोणी तिच्याबरोबर कायम राहणार असेल, घरात गॅस असेल, शेजारी जाऊ किंवा नणंद असेल जिच्याशी तिचं रोजचं बोलणं होईल, तर गाव फार चांगलं. तसं असेल तर कळवा, माझं मत बदलेल. केअरटेकर ठेवून एकटीला पाठवणं हा मात्र सर्वांत वाईट पर्याय आहे.

मग घोडबंदरलाच राहून काय करायचं? आधी बाहेर पडणं. दोन वर्षांत आई एकटी किंवा कोणाच्या तरी सोबत किती वेळा गेटबाहेर गेली, हे घरात सगळ्यांनी बसून आठवा. अशा बहुतेक घरांत उत्तर ऐकून मुलांनाच धक्का बसतो. मोठा रस्ता ओलांडण्याचा हट्ट धरू नका. पायी चालणाऱ्यांसाठीचे सिग्नल साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस धरून बसवतात. गुडघे दुखणारी ७६ वर्षांची बाई ०.८ मीटरने चालते. वीस मीटरच्या रस्त्याला तिला पंचवीस सेकंद लागतात आणि सिग्नल सतरा देतो. राहिलेले आठ सेकंद ती डंपरसमोर असते. एकदा असा अनुभव आला की ती पुन्हा खाली उतरायलाच नको म्हणते, आणि घरचे समजतात की आईला आता उत्साह राहिला नाही.

त्यामुळे हायवेकडे पाठ करून, येऊरच्या डोंगराच्या बाजूला आत जाणारा रस्ता शोधा. दोनशे मीटर आत गेलात तरी हवेत आणि आवाजात फरक पडतो. रोज तीच वाट, त्याच वेळी, त्याच तीन थांब्यांवर. भाजीवाली, देऊळ, बाक. वाट बदलू नका, तिला कंटाळा येईल अशी काळजी करू नका. सहा-आठ आठवडे रोज एकच वाट चाललात तर सवयीची स्मृती कामाला लागते आणि ती वाट थोडीफार तिची होते. भाजीवालीला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा की आई थोडं विसरते, सुट्टे पैसे सावकाश मोजू द्या. वॉचमनशी ओळख करून द्या. कंबरेच्या बटव्यात तुमचा फोन नंबर आणि इमारतीचं नाव लिहिलेली चिठ्ठी कायम असू द्या.

वेळ मात्र बदला. ज्येष्ठांना पहाटे साडेपाचला फिरायची सवय असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती वेळ चुकीची आहे. थंडीत रात्रभर वारा पडलेला असतो, थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि रात्रीच्या ट्रकांचा सगळा धूर त्यातच राहतो. ऊन चढल्यावर, नऊच्या पुढे जा, किंवा दुपारी चार-पाचच्या सुमाराला, संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी.

तिच्या दारावर तिचीच खूण लावा. चाळीतल्या दाराचं तोरण असेल तर तेच, नाहीतर ठळक रंगाचं काहीतरी, जे त्या मजल्यावर दुसऱ्या कोणाकडे नाही. लिफ्टमध्ये १४ च्या बटणाशेजारी लाल टिकली लावायला सोसायटीची परवानगी मागा. मी हे अनेक कुटुंबांना करायला लावलं आहे, आणि एका टिकलीने माणसाचं एकट्याने खाली जाणं-येणं पुन्हा सुरू झालेलं पाहिलं आहे. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः सोबत बसा, कारण नव्या घोळक्यात एकटी सोडलेली विसरभोळी बाई दुसऱ्यांदा जायला तयार होत नाही. चाळीतल्या मैत्रिणी आता दहिसर, विरार, डोंबिवली अशा पांगल्या असतील. त्यांच्यापैकी दोघींशी रोज ठरलेल्या वेळी फोन लावून द्या. महिन्यातून एकदा फडकेवाडीच्या गणपतीला न्या. परतल्यावर ती दोन दिवस उदास होत असेल तर वारंवार नेऊ नका, खुलत असेल तर चुकवू नका.

घरातल्या हवेत तुमच्या हातात बरंच आहे. मच्छर कॉइल आजच बंद करा. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं मोजलं गेलं होतं. मच्छरदाणी किंवा जाळीची खिडकी बरी. पूजा बंद करायला सांगू नका, ती तिच्या दिवसाची खुंटी आहे. उदबत्ती एकच, तीही खिडकीजवळ, आणि धूप सणापुरता. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू ठेवा. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत आणि रात्री बंद, दुपारी वारा असताना उघड्या. आईची झोपायची खोली मागच्या बाजूला करा, भले ती लहान असेल, कारण त्याने आवाज आणि धूर दोन्ही कमी होतात. केर काढण्याऐवजी ओलं पुसणं. परवडत असेल तर हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या जाळीचा) एक प्युरिफायर तिच्या झोपायच्या खोलीत, खोलीच्या मापाचा. पैसे मोजकेच असतील तर आधी श्रवणयंत्र घ्या, प्युरिफायर नंतर. आणि रक्तदाब काटेकोर ठेवा. हवा ज्या वाटेने मेंदूला सर्वांत जास्त दुखावते ती रक्तवाहिन्यांची आहे, आणि तिथे रोजची एक गोळी फार काम करते.

बांधकामाबद्दल सोसायटीने लेखी तक्रार करा, एकट्याने नको. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी सविस्तर नियम काढले. त्यांत मोठ्या प्रकल्पांभोवती ३५ फुटी पत्रे, इमारतीला चारही बाजूंनी कापडाचं आच्छादन, पाण्याची फवारणी, गाड्यांची चाकं धुणं हे सगळं आहे. ठाणे महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे याच मुद्द्यांवर, तारीख-वेळेच्या फोटोंसह मागणी करा. अर्जात ज्येष्ठांचा उल्लेख जरूर करा. रात्री इंजिन बंद ठेवण्याची अट बिल्डरकडून लिहून घेता आली तर तुमच्या इमारतीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची झोप सुधारेल.

हे सगळं करून उपयोग होतो का, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. हवेबाबतीत उत्तर आशादायक आहे. अमेरिकेत ७४ ते ९२ वयाच्या बायकांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. ज्या भागांत दहा वर्षांत हवा जास्त सुधारली तिथे डिमेन्शियाचा धोका कमी झालेला दिसला. चीनने २०१३ मध्ये हवेसाठी कडक मोहीम घेतली, आणि जिथे ती जोरात राबवली गेली तिथल्या ज्येष्ठांची घसरण मंदावली. म्हणजे सत्तरीनंतरही स्वच्छ हवेचा फायदा मिळतो. आईचा आजार असला तर तो मागे फिरणार नाही. पण तिची घसरण किती वेगाने होईल आणि त्या काळात ती किती स्वतंत्र राहील, यावर तुमचा ताबा आहे. घरातल्यांना आधार लागला तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीच्या शाखा मदत करतात, आणि ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

राहता राहिला परतीचा प्रश्न. ठाकूरद्वारला नवी इमारत उभी राहील तेव्हा पत्ता जुना असेल, पण घर तिच्यासाठी अनोळखीच असेल. आतापासून तीन-चार महिन्यांनी एकदा तिला तिथे नेऊन काम दाखवत राहा. ताबा मिळाल्यावर तिचा पलंग, देव्हारा, खुर्ची चाळीत होती त्याच दिशेने मांडा. सामान दिवसा हलवा, आणि पहिले काही आठवडे घरातलं एक माणूस पूर्ण वेळ तिच्यासोबत ठेवा. तोवर सर्वांत मोठा धोका तुमच्या भाडेकरारात आहे. अकरा महिने संपले, मालकाने भाडं वाढवलं, म्हणून बाजूच्या कॉम्प्लेक्समध्ये स्वस्त घर मिळतंय, असा विचार मनात येईल. थोडं जास्त भाडं देऊन याच घरात करार वाढवा. मालकाशी आत्ताच बोला, आईची अडचण सांगा, आणि ताबा मिळेपर्यंतची मुदत लिहून मागा.